अवघड खेळ आणि सोपी वाट



या व्याख्यानमालेला मी गेली तीसेक वर्षं येतो आहे, पण खाली, तिसऱ्या रांगेत, पंख्याच्या वाऱ्याला. तिथं बसून संतसाहित्य ऐकलं, संगीत नाटक ऐकलं, सीमाभागातल्या मराठी शाळांवरची कळकळीची भाषणं ऐकली. त्यामुळे आपले चिटणीस यंदा दवाखान्यात आले तेव्हा मला वाटलं, नेहमीप्रमाणे गुडघ्यासाठी पुड्या न्यायला आले असतील. त्यांनी व्याख्यान मागितलं. मी विषय सांगितला. ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "डॉक्टर, तुमची तब्येत बरी हाय नव्हं?"

तब्येत बरी आहे. विषय असा आहे: अवघड व्हिडिओ गेममध्ये सोपा पर्याय, ज्याला मुलं 'ईझी मोड' म्हणतात, तो असावा की नसावा?

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात आज एक अशी खोली आहे, की तिचं दार लावलेलं असतं आणि आतून तलवारींचा नाहीतर बंदुकीचा आवाज येत असतो. आपण दारावर थाप मारतो, "जेवायला ये" म्हणतो आणि परत फिरतो. आत काय चाललंय हे विचारत नाही. मीही विचारत नव्हतो. गेल्या वर्षी मे महिन्यात विचारलं आणि त्यात गुंतलो.

माझा नातू सोळा वर्षांचा. दहावीची परीक्षा संपली होती आणि त्याने कॉम्प्युटरवर 'सेकिरो' नावाचा जपानी गेम घेतला होता. हा गेम २०१९ साली आला. फ्रॉमसॉफ्टवेअर ही कंपनी आणि हिदेताका मियाझाकी हे त्याचे दिग्दर्शक. दिग्दर्शक हा शब्द मी जाणूनबुजून वापरतोय, कारण सिनेमासारखीच इथेही एका माणसाची दृष्टी असते. गोष्ट सोळाव्या शतकाच्या अखेरच्या जपानमधली, युद्धांनी पोळलेल्या काळातली. नायक एका लहान राजपुत्राचा रक्षक. सुरुवातीलाच गेनिचिरो नावाचा सरदार त्याचा डावा हात तलवारीने तोडतो आणि राजपुत्राला घेऊन जातो. एका पडक्या देवळात बुद्धमूर्ती कोरत बसलेला म्हातारा त्या नायकाला लाकूड-लोखंडाचा कृत्रिम हात बसवून देतो. तिथून खेळ सुरू. हा हात लक्षात ठेवा, मला त्याच्याकडे परत यायचं आहे.

किल्ल्याच्या माथ्यावर तोच गेनिचिरो पुन्हा भेटतो. अशा मोठ्या शत्रूला ही मुलं 'बॉस' म्हणतात. त्याचा वार नेमक्या क्षणी आपल्या तलवारीवर झेलावा लागतो. किंचित आधी नाही, किंचित नंतर नाही. चुकलात की मेलात, आणि लढाई पहिल्यापासून. नातू चार दिवस मरत होता. मी शेजारच्या खोलीत पेपर वाचताना आवाजावरून मोजायचो. साठाच्या पुढे मोजणं सोडून दिलं. शेवटी न राहवून आत गेलो आणि म्हणालो, "अरे, ह्यात सोपं करायची काही सोय नाही?"

दशलक्षण पर्वात मी कांदाभजी मागितल्यासारखं त्यानं माझ्याकडे बघितलं. "आज्जा, ह्यात सोपं नसतंय. सोपं केलं तर मग ते सेकिरोच नव्हे."

चौथ्या रात्री दीड वाजता त्यानं मला हलवून उठवलं. जिंकला होता. बोलताना धाप लागत होती, हाताची बोटं थरथरत होती. सवयीनं मी मनगट धरलं, तर नाडी एकशे वीसच्या घरात. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी हा पोरगा इतका हललेला नव्हता. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की इथं काहीतरी खरं आहे, आणि "सोपं कर" म्हणणारा मी थोडा उथळ बोललो होतो.

म्हणून मग मी वाचायला लागलो. जे कळलं ते थोडक्यात सांगतो.

गेम अवघड का असतात, याचं पहिलं कारण कलेचं नाही, धंद्याचं आहे. १९७८ साली जपानमध्ये तैतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' तयार केला. वरून परग्रहवासी सरकत येतात, आपण खालून त्यांना पाडायचं. जसजसे ते कमी होतात तसतसे उरलेले वेगानं येतात. ही युक्ती आधी ठरवलेली नव्हती. यंत्राला जितकी कमी चित्रं हलवायची, तितकं त्याला ते लवकर जमायचं. निशिकादोंना ते आवडलं, त्यांनी तसंच ठेवलं. पण पार्लरमधल्या यंत्रात नाणं टाकून खेळायचं असतं. खेळणारा लवकर मेला तर दुसरं नाणं पडतं. अनेक यंत्रांच्या आत लहान लहान बटणं असत. ती वर-खाली करून पार्लरचा मालक खेळ किती अवघड ठेवायचा, किती 'लाइफ' द्यायच्या, हे ठरवू शकत असे. म्हणजे सोपा-अवघड पर्याय तेव्हाही होता. फक्त तो खेळणाऱ्याच्या हातात नव्हता, गल्लेवाल्याच्या हातात होता.

मग गेम घरात आले. नव्वदीत आपल्याकडेही आले, जपानी यंत्रांच्या नकला. टीव्हीला जोडायच्या आणि एका कॅसेटमध्ये 'शेकडो गेम' असल्याचा दावा करायच्या. माझ्या मुलानं हट्ट करून असलं एक यंत्र घेतलं होतं. त्यात 'कॉन्ट्रा' होता. तीन लाइफ मिळायच्या आणि पहिल्या पाच मिनिटांत संपायच्या. एकदा सुट्टीत त्याचा आतेभाऊ आला आणि त्यानं वहीच्या मागच्या पानावर काहीतरी लिहून दिलं: वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए. सुरुवातीच्या पडद्यावर ही बटणं या क्रमानं दाबली की तीनाच्या तीस लाइफ. माझ्या मुलाला सतराचा पाढा कधी आला नाही, पण हा मंत्र तो झोपेतही म्हणायचा. मी तेव्हा त्याला ओरडलो होतो, "खेळात पण लबाडी करतोस?"

आता वाचताना कळलं की ती लबाडी खेळ बनवणाऱ्यानंच केली होती. कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो 'ग्रेडियस' नावाचा गेम घरगुती यंत्रासाठी तयार करत होते. गेम तपासायचा म्हणजे शेवटपर्यंत खेळायला हवा, आणि तो त्यांना स्वतःलाच जमेना. म्हणून त्यांनी ही बटणांची किल्ली बसवली. १९८६ साली गेम बाजारात आला तेव्हा किल्ली आतच राहिली होती. पुढे ती कंपनीच्या अनेक गेममध्ये गेली आणि 'कोनामी कोड' म्हणून जगप्रसिद्ध झाली. २०२० साली हाशिमोतो वारले तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्यांची आठवण या कोडसाठी काढली. ही हकिगत वाचून मी मुलाला फोन केला आणि म्हटलं, बाबा रे, पंचवीस-तीस वर्षांपूर्वी तुला ओरडलो ते परत घेतो. तो म्हणाला, "कशाबद्दल?" त्याला आठवतही नव्हतं. मला आठवत होतं.

पण गेमनं उघडपणे सोपा पर्याय द्यायला सुरुवात केली तेव्हा त्यात एक खोडसाळपणा शिरला. १९९२ सालचा 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी' हा बंदुकीचा गेम. सुरुवातीला तो विचारतो, किती अवघड हवं? सर्वांत सोप्या पर्यायाचं नाव, मराठीत सांगायचं तर, "बाबा, मी खेळू का?" आणि शेजारी त्या दणकट नायकाचं चित्र, डोक्याला तान्ह्या बाळाचं टोपडं आणि तोंडात चोखणी. गंमत म्हणून ठीक आहे. पण सोपं मागणाऱ्याच्या डोक्यावर टोपडं घालायची ही सवय त्या जगातून अजून गेलेली नाही.

आता अवघडाच्या बाजूनं बोलतो, कारण ती बाजू हलकी नाही.

मियाझाकी यांनी मुलाखतींत सांगितलं आहे की आमच्या गेममध्ये पर्याय न ठेवण्यामागे हेतू आहे. सगळ्यांनी एकाच पातळीवर खेळावं, एकाच अनुभवाबद्दल बोलावं. यात तथ्य आहे. माझा नातू आणि ब्राझीलमधला एखादा मुलगा गेनिचिरोबद्दल बोलतात तेव्हा दोघांना ठाऊक असतं की दोघे एकाच पायऱ्या चढून आले. आपण शिखरजींची यात्रा करून आलेल्या माणसाला भेटतो तेव्हा "पायी गेला होता की डोलीतून?" असं हळूच विचारतोच की नाही?

दुसरा मुद्दा मोहाचा आहे. चाळिसाव्या मरणानंतर पडद्यावर "सोपं करू का?" असं विचारणारं बटण असतं, तर नातवानं ते दाबलं असतं. हे त्याचं स्वतःचं म्हणणं. आणि दाबलं असतं तर ती दीड वाजताची नाडी त्याच्या वाट्याला आली नसती. म्हणजे, "नको असेल त्यानं वापरू नये" हे उत्तर पुरेसं नाही. पर्याय नुसता समोर असला तरी न वापरणाऱ्याचा अनुभव बदलतो. उपवासाच्या दिवशी फ्रीजमध्ये श्रीखंड असणं आणि नसणं यात फरक असतो.

तिसरा मुद्दा लेखकाच्या हक्काचा. या सभागृहात दुर्बोधतेवर वाद झालेले आहेत. मर्ढेकरांवर झाले, ग्रेस यांच्यावर तर फार झाले. पण कवीनं सोबत एक सोपी कविताही लिहून द्यावी, अशी मागणी आपण कधी केली नाही. मग गेमकाराकडे ती का करायची?

हे तिन्ही मुद्दे मला पटत होते. काही दिवस मी पूर्ण नातवाच्या पक्षात होतो. मग दोन गोष्टी घडल्या.

पहिली, मी स्वतः खेळलो. नातू म्हणाला, सेकिरो तुम्हाला झेपायचं नाही, आणि 'सेलेस्ट' लावून दिला. हा २०१८ सालचा गेम. मॅडलिन नावाची एक मुलगी एकटीच डोंगर चढते आहे. तिला मधूनच छातीत धडधडतं, श्वास कोंडतो. ती कुणाशी लढत नाही, फक्त उड्या मारते, आणि उडी चुकली की त्याच जागी पुन्हा. माझा उजवा अंगठा गेली दोन वर्षं अडकतो. डॉक्टर असलो तरी अंगठा ऐकत नाही. पहिल्या डोंगरातच मी अडकलो. तेव्हा नातवानं मेनूत जाऊन 'असिस्ट मोड' उघडला. त्यात खेळाचा वेग कमी करता येतो, अगदी निम्म्यापर्यंत. हवं तर दम न संपणं, हवं तर मरणच नको, असंही घेता येतं. मी फक्त वेग सत्तर टक्के केला. बाकी काही घेतलं नाही.

मंडळी, सत्तर टक्क्यांवरही मी शेकडो वेळा मेलो. गेम तो आकडा दाखवतो आणि त्याचा अभिमान बाळगा, असंही सांगतो. डॉक्टरला मृत्यूच्या आकड्याचा अभिमान बाळगायला सांगणारी ही एकच जागा मी पाहिली. पण एका संध्याकाळी मी एक टप्पा पार केला आणि माझाही हात थरथरत होता. तेव्हा नातवानं माझी नाडी बघितली.

या गेमच्या कर्त्यांनी आधी त्या सोयीला 'चीट मोड', म्हणजे लबाडीचा मोड, असं नाव देण्याचं ठरवलं होतं. मग त्यांच्या लक्षात आलं की यात खेळणाऱ्याला दोष दिल्यासारखं होतं, आणि नाव बदलून 'असिस्ट', म्हणजे मदत, असं केलं. सोय तीच, पण डोक्यावरचं टोपडं गेलं. शिवाय ती मेनूच्या आत ठेवली. प्रत्येक मरणानंतर ती तोंडापुढे येत नाही. म्हणजे मोहाच्या आक्षेपावर थोडं तरी उत्तर रचनेत सापडतं.

दुसऱ्यांनी दुसरी उत्तरं शोधली. कॅनडातल्या मोल्डेनहाउअर बंधूंच्या 'कपहेड'मध्ये, २०१७ सालच्या, सोपा पर्याय आहे. पण त्यात बॉसची लढाई कापून लहान केलेली असते आणि त्या वाटेनं गेलात तर शेवटचा अंक उघडतच नाही. मला ही वाट आवडली नाही. नाटकाचं तिकीट देऊन तिसऱ्या अंकाआधी बाहेर काढल्यासारखं आहे. त्याउलट २०२० सालचा 'हेडीस'. त्यात एक सोय अशी की ती घेतली तर शत्रूच्या वाराचा जोर वीस टक्क्यांनी कमी होतो, आणि तुम्ही जितक्या वेळा मराल तितक्या वेळा आणखी दोन-दोन टक्क्यांनी कमी होत जातो, ऐंशी टक्क्यांपर्यंत. हरणाऱ्याला हळूहळू जोर देत जाणारी ही युक्ती. रोग्याचं बळ बघून पुढचा डोस ठरवणाऱ्या माझ्यासारख्याला ती आपलीशी वाटली.

आता दुसरी गोष्ट. ही मी त्या घरच्यांना विचारून सांगतो आहे. नाव-गाव सांगणार नाही.

माझ्याकडे एक सतरा वर्षांचा मुलगा येतो. त्याला स्नायू हळूहळू क्षीण होत जाण्याचा आजार आहे. त्या आजारावर माझ्याकडे औषध नाही, हे मी त्याच्या आईला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याचे मुख्य उपचार मोठ्या रुग्णालयात चालतात. माझ्याकडे ते सर्दी-पडशासाठी येतात आणि बोलायला येतात. तो व्हीलचेअरवर असतो. खांद्यातून हात उचलत नाही, बोटं हलतात. बोलता बोलता मी नातवाच्या सेकिरोचा विषय काढला. त्याचे डोळे एकदम बदलले. म्हणाला, "डॉक्टरकाका, मी त्याचे सगळे व्हिडिओ बघितलेत. गेनिचिरोचा कुठला वार कुठल्या वारानंतर येतो ते सगळं पाठ आहे. फक्त बोट वेळेत पोचत नाही."

मी म्हटलं, "मग सोपा एखादा गेम घे की."

तो म्हणाला, "सोपा नको. मला अवघडच पाहिजे. पण माझ्या बोटांना अवघड असू दे, अशक्य नको."

मंडळी, चाळीस वर्षं मी माणसांची दुखणी ऐकतो आहे. इतकं नेमकं वाक्य फार थोड्या रोग्यांनी मला सांगितलं आहे.

मी नातवाला ही गोष्ट सांगितली. तो दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आज्जा, कॉम्प्युटरवर त्या गेमचा वेग कमी करणारं बाहेरचं सॉफ्टवेअर असतंय. कंपनीचं नव्हे, कुणीतरी खेळणाऱ्यांनीच केलेलं." मला तोवर ठाऊक झालं होतं की २०१९ साली एका पत्रकारानं, अशाच बाहेरच्या सॉफ्टवेअरची मदत घेऊन मी सेकिरोची शेवटची लढाई जिंकली आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही, असं लिहिलं तेव्हा त्याच्यावर केवढा गदारोळ झाला होता. तू स्वतःला फसवलंस, असं त्याला सुनावलं गेलं. माझा नातूही तेव्हा मोठा असता तर सुनावणाऱ्यांत असता. आता तोच रविवारी त्या मुलाच्या घरी गेला, सॉफ्टवेअर बसवलं, बटणांच्या जागा त्या मुलाची बोटं जिथं पोचतात तिथं आणल्या आणि वेग सत्तर टक्के केला.

त्या मुलाला गेनिचिरो हरवायला नऊ दिवस लागले. त्याच्या आईनं मला फोन केला तो रडत रडत. मी घाबरलो, म्हटलं काय झालं. म्हणाली, "काही नाही हो, जिंकला." आणि नातू मला काय म्हणाला? "आज्जा, मला चार दिवस लागले, त्याला नऊ. मग त्याचं सोपं कसं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून तोच मी तुमच्यापुढे ठेवतो. आपण 'अवघड' हा शब्द असा वापरतो जणू तो वस्तूचा गुण आहे, जसं लोखंडाचं वजन. पण दहा किलोची पिशवी दहा किलोचीच असली तरी ती पैलवानाला जड नाही आणि माझ्या आईला जड आहे. अवघडपणा वस्तूत नसतो, वस्तू आणि हात यांच्यामध्ये असतो. म्हणून सगळ्यांना एकच पातळी दिली म्हणजे सगळ्यांना एकच अनुभव दिला, हे खरं नाही. सगळ्यांना एकच अनुभव द्यायचा तर काहींना पातळी बदलून द्यावी लागेल. मियाझाकींचं उद्दिष्ट मला मान्य आहे. मी एवढंच म्हणतो की त्या उद्दिष्टाकडे जायला एकच वाट पुरत नाही.

आणि आता तो कृत्रिम हात. ज्या गेमचा नायकच एक हात गमावलेला, दुसऱ्यानं बनवून दिलेल्या हातावर लढणारा आहे, त्या गेममध्ये खेळणाऱ्याला मात्र तसा हात मिळत नाही. गंमत बघा, त्यात एक 'दैत्यघंटा' आहे. ती वाजवली की शत्रू आणखी बळकट होतात. म्हणजे अवघड वाढवायची घंटा आहे, कमी करायची नाही. याच कंपनीच्या २०२२ सालच्या 'एल्डन रिंग'मध्ये ईझी मोड नाहीच, पण मदतीला आत्मे बोलावता येतात, एखादा बॉस नाही जमला तर दुसरीकडे फिरून बळ वाढवून परत येता येतं. त्यानं त्या गेमचा दरारा कमी झाला, असं कुणी म्हणत नाही.

कुणी म्हणेल, अमेरिकेत माइक बेगम नावाचा खेळाडू होता, सांधे जन्मतः आखडलेले, तो तोंडानं 'स्ट्रीट फायटर' खेळून भल्याभल्यांना हरवत असे. त्याला कुठं सोपं लागलं? खरं आहे, आणि त्याला माझा नमस्कार. पण एकाला जमलं हे दुसऱ्याला नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. माझे एक रुग्ण वयाच्या ऐंशीव्या वर्षी जिने चढतात, म्हणून या सभागृहाचा उतार आपण काढून टाकत नाही.

मी मघाशी कवितेची बाजू मांडली, तिला आता उत्तर देतो. कविता अवघड असते, पण ती कुणाला अडवत नाही. ग्रेस यांची ओळ कळली नाही तर मी पुढची वाचतो, पान उलटतो, दहा वर्षांनी परत येतो. कुठलंही पुस्तक चाळिसाव्या पानावर परीक्षा घेऊन, नापास झालास, एक्केचाळिसावं पान उघडणार नाही, असं म्हणत नाही. गेम म्हणतो. कलांमध्ये ही ताकद बहुधा एकट्या गेमकडे आहे, म्हणून तिची जबाबदारीही वेगळी.

आणि इथं मियाझाकींचंच बालपण आठवतं. त्यांनी सांगितलं आहे की घरची परिस्थिती बेताची, पुस्तकं विकत घेणं शक्य नव्हतं, म्हणून ते ग्रंथालयातून आणत. त्यांच्या वयाला न पेलणारी पुस्तकं. कितीतरी मजकूर कळत नसे. मग ते चित्रं बघून मधल्या जागा स्वतःच्या कल्पनेनं भरत. त्यांचे गेम असे गूढ, अर्धवट सांगणारे आहेत, याचं मूळ त्यात आहे. ही गोष्ट मला फार आवडली. पण मला त्यांना नम्रपणे सांगावंसं वाटतं: साहेब, तुम्हाला ते पुस्तक पूर्ण कळत नव्हतं, तरी त्यानं तुम्हाला पान उलटू दिलं.

माझ्या घरच्या परंपरेतला एक शब्द सांगतो आणि शेवटाकडे येतो. आमच्याकडे सोळा कारणभावना सांगितल्या आहेत, त्यांतली एक 'शक्तितस्तप'. तप करायचं ते आपल्या शक्तीप्रमाणे. दशलक्षण पर्वात आमच्या घरी एकीचे दहा उपवास असतात, एकाचं रोज एकाशन असतं, आणि मधुमेहामुळे मी फक्त रात्रीचं सोडतो. एकाच देवळात, एकाच ओळीत आम्ही बसतो. माझ्यामुळे तिचे दहा उपवास हलके झाले, असं तिला वाटत नाही. पण टीकाकारांनी या शब्दाला एक अट जोडली आहे, ती तितकीच महत्त्वाची: शक्ती न लपवता. म्हणजे झेपेना इतकं करू नये, आणि झेपत असताना कमी करू नये. नातवानं वेग कमी केला असता तर त्याची शक्ती लपवली असती. त्या मुलानं केला, त्यानं आपली सगळी शक्ती लावली. बटण एकच. बाहेरून बघणाऱ्याला फरक दिसत नाही, खेळणाऱ्याला ठाऊक असतो. ईझी मोडचा निवाडा म्हणून दुसऱ्यानं करू नये.

तर माझं मत असं. बटणांच्या जागा बदलता येणं, अक्षरं मोठी करता येणं, आवाज ऐकू येत नसेल तर तो पडद्यावर दिसणं, या गोष्टी प्रत्येक गेममध्ये असाव्यातच, कारण कुठल्याही कलाकृतीचा अर्थ बारीक अक्षरात नसतो. २०२० सालच्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'मध्ये अशा साठाहून अधिक सोयी आहेत आणि दृष्टिहीन खेळाडूंनीही तो शेवटपर्यंत खेळला आहे. वेग, वाराचा जोर, यांचा प्रश्न नाजूक आहे. तिथं कर्त्यावर सक्ती नको. "माझी कलाकृती अशीच" म्हणण्याचा हक्क त्याला आहे. पण तसं म्हणताना दाराबाहेर कोण राहतंय, हे त्यानं एकदा वळून बघावं. आणि सोय दिली तर ती टोपडं न घालता द्यावी, शेवटचा अंक न कापता द्यावी.

तो मुलगा अजून खेळतो. गेनिचिरोच्या पुढं बराच गेला आहे. बोटांतलं बळ मात्र कमी होत चाललंय. सत्तर टक्के होते ते आता साठ झाले. गेल्या महिन्यात आला तेव्हा मला म्हणाला, "काका, वेग कमी करतो, पण गेम सोडत नाही." नातू दर रविवारी जातो. दोघं एकाच लढाईबद्दल तासन्‌तास बोलतात. सगळ्यांनी एकाच अनुभवाबद्दल बोलावं, ही मियाझाकींची इच्छा त्या खोलीत तरी पुरी झाली आहे, साठ टक्क्यांवर.

घरी गेल्यावर त्या बंद दारावर थाप मारा. या वेळी "जेवायला ये" म्हणायच्या आधी "किती वेळा मेलास?" असं विचारा. दार उघडेल.

 चिटणीसांना सांगतो, माझी तब्येत बरी आहे. नमस्कार.